लाडले पखालीचा घुमट

फार फार वर्षांपूर्वी, विजापुरात बादशाही होती तेव्हाची ही गोष्ट. भीमेकाठच्या आपल्या तळशिंगीत शिया मंडळींनी मशीद बांधायला काढली. आज तिच्या दीड भिंती उरल्यात, पण तेव्हा तिला घुमट चढत होता. बांधणारा होता उस्ताद बाकर अली. देवाने त्याच्या हातात कसब घातलं आणि त्याच देवाने पोटात जळकेपणाही घातला, असं म्हणतात.

चुन्याचं काम लेकरासारखं जपावं लागतं. घुमट बांधला की चाळीस दिवस ओला ठेवायचा, नाहीतर तो तडकतो. पाणी घालायचं काम लाडले पखालीकडे होतं. पाण्याने भरलेली कातडी मसक पाठीवर घेऊन तो नदीवरून यायचा, शिडीने वर चढायचा आणि घुमटाला न्हाऊ घालायचा. त्याची मसक कधी रिकामी होत नसे, असं म्हणतात. मला विचाराल तर तो खेपाच जास्त करत असेल.

नदीवर बायका बोलू लागल्या, लाडलेचा घुमट काय देखणा दिसतो. पोरंही तेच म्हणू लागली. बाकर अलीच्या कानावर ते गेलं आणि त्याला अन्न गोड लागेना. वर्षभर विटा रचल्या त्याने, आणि नाव पाणक्याचं. विसाव्या दिवशी त्याने लाडलेला शिडीवरून खाली उतरवलं.

"उद्यापासून यायचं नाही. माझ्या चुन्याला तुझ्या पाण्याची गरज नाही."

लाडले म्हणाला, "घुमट तुमचाच हाय, उस्ताद. पर अजून कच्चा हाय. मला हाकला, त्याचं पाणी तोडू नगा."

बाकर अलीला हे कळत नव्हतं थोडंच? जन्मभर त्यानेच हाताखालच्यांना पाणी, पाणी म्हणून ओरडून शिकवलं होतं. पण दुसरा पखाली बोलावला तर लाडलेचंच खरं ठरणार, म्हणून त्याने कोणालाच बोलावलं नाही. वीस दिवस घुमट उन्हात तापला. तडे गेले, ते त्याने सफेदी मारून झाकले.

मग मोहरमची सातवी आली. करबलात इमाम हुसेनच्या माणसांचं पाणी तोडलं, त्या आठवणीचा दिवस. सगळे मशिदीत मातमाला, इमामाचा शोक करायला जमले आणि घुमट कडाडला. लाडले दारातच लोकांना पाणी पाजत उभा होता. मसक घेऊन तो शिडीने वर गेला आणि तड्यावर पाणी सोडलं. धार चालू होती तोवर घुमट धरून राहिला, असं म्हणतात. सगळ्यांत शेवटी बाहेर आला तो बाकर अली. मग मसक रिकामी झाली, आणि घुमट लाडलेसकट खाली आला.

बाकर अलीने पुन्हा थापी धरली नाही. मरेपर्यंत तो गावाला मसकेने पाणी पाजत राहिला. घुमट कोणाचा होता, असं कोणी विचारलं तर सांगायचा, लाडलेचा.

मशीद पुन्हा कोणी बांधली नाही. पण सातवीला अजून सगळं गाव तिथे जमतं, शिया असो, सुन्नी असो की हिंदू. सरबत वाटण्याआधी उरलेल्या भिंतीवर एक घागर पाणी घालतात. ज्याच्या हातात घागर येईल, त्याने आधी आपण ज्याच्यावर जळतो त्याचं नाव घ्यायचं आणि त्याचा गुण मोठ्याने सांगायचा. त्याशिवाय पाणी घालता येत नाही.

गेल्या साली घागर माझ्या हातात आली. मी वेशीजवळच्या जैनबबीचं नाव घेतलं. म्हटलं, ही गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते. ते खरं आहे, आणि अजूनही माझ्या पोटात दुखतं.