मिठाचं रिंगण

फार फार मागं, राजेही पायी डोंगर चढत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरमाथ्यावर निळ्या फुलांचं एक झुडूप होतं. त्याच्या बुंध्याशी एक गोगलगाय राहायची. दोघांच्याही जातीचं दुसरं कुणी जगात उरलं नव्हतं.

राजानं कारभाऱ्याला सांगितलं, "दोघांतलं जे जास्त मोलाचं असेल, ते जपा."

कारभारी माळणीला आणि शिपायांना घेऊन वर आला. गोगलगाय पानाआड अंग चोरून ऐकत राहिली.

कारभारी म्हणाला, "झुडूप फुलतं, फुलं देवाला वाहता येतात. ही गोगलगाय काय करते?"

"पानांवरची बुरशी खाते, कारभारी. दोघांचं एकमेकांवर चाललंय."

"तू माती उकर. अक्कल माझ्याकडे राहू दे. ही चिकट बया पानं कुरतडणार. मीठ टाका भोवती."

मीठ म्हणताच गोगलगाय शंखात शिरली. तिच्या आईवर कुणी चिमूटभर मीठ टाकलं होतं. आई फेसाळत विरघळली, नुसता शंख उरला.

शिपायांनी झुडपाभोवती हातभर रुंद मीठ पसरलं. गोगलगाय रिंगणाच्या आतच राहिली, हे एकानंही पाहिलं नाही. डोळे वर करून चालणाऱ्यांना पायाशी काय दिसणार!

ती झुडपावर चढली.

"राहू का इथं?"

"राहा की. तुला कधी नको म्हटलंय? पण आज मुळांना पाणी खारट लागतंय गं."

रोज धुकं उतरे, मीठ विरघळून मातीत जिरे. रोज शिपाई नवं मीठ ओतत. खालची पानं करपून गळू लागली. पायाखालचं पान सुटायच्या आत गोगलगाय वरच्या पानावर सरके. खाली सगळं पांढरं.

"अजून किती पानं आहेत रे?"

"मोजू नकोस," झुडूप पुटपुटलं. "धरून बस."

शेवटचं पान शेंड्यावर होतं. तेही सुटलं.

फुलं बघायला राजा आला, तेव्हा तिथं एक वाळकी काठी होती आणि मिठात एक रिकामा शंख.

"दोघांतलं वाचलं काय?" राजानं विचारलं.

माळीण राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "मीठ वाचलं, महाराज."

लहानथोरांनो, नीट ऐका: एकमेकांच्या आधारानं जगणाऱ्यांत जो मोलाचा आणि बिनमोलाचा निवडत बसतो, तो दोघांनाही मारतो.