टिटवीची रिकामी जागा

माणसांनी शाळा काढल्या त्याच्याही आधी एका जांभळीवर पाखरांचं विद्यापीठ भरायचं. तिथले सगळे गुरुजी झाडपक्षाचे, म्हणजे अंडी झाडावरच घालावीत असं मानणारे. एकटी टिटवी जमीनपक्षाची, आणि रोज वाद घालायची. शेवटी सगळ्यांनी मिळून तिला निरोप दिला. धनेश गुरुजींना तर हायसंच वाटलं.

पुढे एका पिल्लानं विचारलं, "गुरुजी, अंडी झाडावरच का?"

"सगळे तसंच म्हणतात म्हणून," धनेश बोलून गेले आणि ओशाळले. टिटवीशी भांडताना याच प्रश्नाची उत्तरं त्यांना भराभर सुचायची.

संध्याकाळी ते नदीकाठच्या वाळूत तिला शोधत गेले.

"टिटवीबाई, परत चला."

"माझं मत बदललेलं नाही, गुरुजी."

"म्हणून तर आलोय," धनेश म्हणाले.