सहीच्या आधी कारण

एकदा एका विद्यापीठात कायदा शिकवणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. सार्वजनिक कायद्याची मूलतत्त्वे, म्हणजे सत्ता कोणाला असते, किती असते आणि तिला जाब कोण विचारतो, हा त्यांचा विषय. विषयाचे नाव ऐकूनच निम्म्या वर्गाला जांभया येत. पहिल्या बाकावरची एक विद्यार्थिनी मात्र त्यांचा एक शब्द खाली पडू देत नसे. वय अडतीस, नोकरी बसवाहकाची. सकाळी सात ते दहा वर्ग, मग डबा, मग बस. पोरांनी तिला ‘तिकीटवाल्या बाई’ असे नाव ठेवले होते. तिने ते हसण्यावारी नेले, कारण तिला शिकायचे होते आणि रुसायला वेळ नव्हता.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना सूचनाफलकावर एक यादी लागली. हजेरी अपुरी असलेल्या अकरा जणांना या विषयाच्या परीक्षेला बसता येणार नव्हते, आणि त्या अकरांत तिचे नाव होते. जत्रेच्या दिवसांत डेपोने जादा गाड्या सोडल्या, तेव्हा सकाळच्या फेऱ्याही तिच्या वाट्याला आल्या होत्या. आता परीक्षा हुकली असती तर सगळेच हुकले असते. पहिले वर्ष पास झालात तरच दुपारची ड्यूटी चालू ठेवू, असे डेपो मॅनेजरांनी तिला बजावले होते.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर विभागप्रमुखही होते, आणि हजेरीतली तूट माफ करण्याचा अधिकार विभागप्रमुखाला असतो हे त्यांनीच वर्गात सांगितले होते.

“सर, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. फक्त एक सही हवी.”

“ठाऊक आहे. तुमच्यावर विश्वासही आहे.” एवढे बोलून सरांनी पेनाला टोपण लावले आणि ते खिशात टाकले. “आज सही मिळणार नाही. उद्या अकराला लेखी अर्ज घेऊन या. सोबत डेपोचा दाखला.”

“विश्वास आहे म्हणता, मग दाखला कशाला?”

“उद्या अकराला, बाई.”

तिला रडू आले, आणि त्याहून जास्त राग आला. वर्षभर ज्यांना देव मानले ते ऐन वेळी कारकुनासारखे वागले, असे तिच्या मनाने घेतले. पण हात टेकणारी बाई ती नव्हे. डेपोत गेली, तर दाखला दोन दिवसांनी मिळेल असे उत्तर मिळाले. “कागद घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही,” म्हणून ती समोरच्या बाकड्यावर बसली. तासाभराने शिक्क्यानिशी दाखला तिच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला परक्यासारखे प्रश्न विचारले. किती तास बुडाले? त्यांतले कामामुळे किती? बाकीचे कशामुळे?

“बाकीचे माझ्यामुळे, सर. घरची कामं होती. थोडा आळसही.”

“ते माफ होणार नाहीत.”

सरांनी दाखला आणि हजेरीपट शेजारी ठेवून एकेक तारीख पडताळली. कामाचे तेवढे तास माफ धरल्यावर हजेरी जेमतेम भरली. मग त्यांनी पानभर निर्णय लिहिला, खाली सही केली आणि शिपायाला बोलावून सांगितले, “नाव वगळून याची एक प्रत काढा आणि फलकावर त्या यादीशेजारी लावा.”

आपली गरज अशी चारचौघांत टांगलेली पाहून तिला कसेसेच झाले. फलकावर लिहिले होते: ‘पोट भरण्यासाठी काम करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढणे, हा हजेरीच्या नियमाचा हेतू नाही. सबब, नोकरीमुळे बुडालेले तास लेखी दाखला दिल्यास माफ होतील. अन्य कारणांनी बुडालेले होणार नाहीत. अर्ज तीन दिवस घेतले जातील.’

तिसऱ्या दिवशी ती प्रवेशपत्र घ्यायला आली, तेव्हा सरांसमोर तिच्याच वर्गातला एक चाळिशीचा सुरक्षारक्षक उभा होता. त्याने चार घड्यांचा दाखला उलगडून टेबलावर ठेवला. “असं मागता येतं हे मला माहीतच नव्हतं, सर. मी तर नाव काढून घ्यायला निघालो होतो.” सरांनी त्याच्याही तारखा तशाच पडताळल्या आणि त्याचा अर्ज मंजूर केला.

त्याच्या मागोमाग एका पुढाऱ्याचा पुतण्या आला. हातात काकांची चिठ्ठी होती.

“कुठे नोकरी करता?” सरांनी विचारले.

“नोकरी नाही, सर. घरात दोन लग्नं होती. काकांनी फोनही करतो म्हटलंय.”

“काकांना नमस्कार सांगा. तुमचे तास माफ होत नाहीत.”

“मग या बाईंना कसे माफ झाले?”

“ते फलकावर लिहिलंय. वाचा, आणि तुम्हाला कुठे लागू पडतंय ते दाखवा.”

तो बाहेर जाऊन दोनदा वाचून आला. भांडायला त्यात काही सापडले नाही, तेव्हा चिठ्ठी खिशात घालून निघून गेला.

मग सर तिच्याकडे वळले. “त्या दिवशी मी नुसती सही केली असती, तर तुमचं काम झालं असतं आणि त्या रक्षकाचं राहिलं असतं. या पुतण्याचंही झालं असतं. तुम्हाला ओळखीवर दिलं, तर त्याला चिठ्ठीवर का नाही, याचं मी काय उत्तर देणार होतो? या खुर्चीला अधिकार आहे, पण तो माझ्या घरचा नाही, बाई. कारण लिहून दिलं की मीही त्याला बांधला जातो. कारण न देता दिलं, तर ती मेहेरबानी. उद्या या खुर्चीवर दुसरा कोणी आला, की तुम्ही पुन्हा त्याच्या दाराशी हात जोडून उभ्या.”

सत्ता चालवणाऱ्याने कारणे द्यावीत, हे वाक्य तिने परीक्षेसाठी दहादा घोकले होते. ते आपल्यासाठीच लिहिलेले आहे, हे तिला आज कळले. सरांवरचा राग कधीच विरला होता. जरा लाजही वाटली, आणि खूप बरे वाटले.

“सर, तुमचे उपकार...”

“उपकार असतील तर मी चुकलो.”

तिने पुढचे शब्द गिळले आणि प्रवेशपत्रावरचे आपले नाव नीट वाचून पाहिले. मग ती आभार न मानता उठली, आणि त्याचा तिला जराही संकोच वाटला नाही.