वाघिणीची ढब

गाड्या आपसांत बोलायच्या आणि मिस्त्री लोक ते कान देऊन ऐकायचे, त्या काळातली ही गोष्ट. साताऱ्याच्या हैबत मिस्त्रींच्या गॅरेजात वाघीण नावाची एक जुनी, दांडग्या इंजिनाची गाडी आली. तिला नुकतेच नव्या धाटणीचे टायर बसवले होते आणि तेव्हापासून ती सरळ चालेना. सकाळीच घाटात ती कठड्याकडे ओढली गेली होती. मालकीण दमयंतीबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरून तिला कसंबसं इथवर आणलं होतं.

"सगळा दोष या पोरांचा!" वाघीण टायरांवर खेकसली.

"आजी, तुम्ही आम्हाला धरता तसं आम्हाला चालताच येत नाही," टायर कळवळले. "अलाइनमेंट, म्हणजे चाकं उभी राहायचा कोन, बदलून घ्या ना."

"कंपनीतून निघाले तेव्हापासून मी अशीच उभी आहे. माझी ढब मी सोडणार नाही!"

हैबत मिस्त्री पाना हातात धरून तसेच थांबले. तिच्या मनाविरुद्ध बोल्ट फिरवणं त्यांना जमेना.

तेवढ्यात भिंतीला टेकवलेला तिचा जुना टायर खाकरला. "अगं वेडे, ती ढब तुझी कुठं होती? आम्ही वळायला जड, म्हणून कंपनीनं तुला तसं उभं केलं होतं. आता आम्हीच नाही, तर कुणासाठी अवघडून उभी राहतेस?"

वाघिणीने पुढची चाकं सैल सोडली. मग म्हणाली, "फिरवा, मिस्त्री."

संध्याकाळी घाट उतरल्यावर दमयंतीबाईंनी स्टिअरिंगवरची मूठ सैल केली. गाडी सरळ चालत राहिली.

"हुश्श! सुटले बाई एकदाची," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा," वाघीण म्हणाली.