नगारा ऐकू येतो तिथवर

गजेंद्रराव महाराजांना स्वतःच्या मोठेपणाचं भारी कौतुक. दरबार भरला की भालदार रोज ललकारायचा, "ज्यांचा नगारा समुद्रकाठापर्यंत दुमदुमतो, ते महाराज येत आहेत हो!" आणि महाराज मिशीवर हात फिरवत सिंहासनावर बसायचे.

तो नगारा वाजवायचा म्हातारा सटवाजी. भल्या पहाटे उठून गावाला जागं करण्यात त्याचा जन्म गेला. एक दिवस तो हात जोडून म्हणाला, "महाराज, खांदे भरून येतात. आता मोकळं करा. समुद्रकाठी लेकीच्या गावी जाऊन राहीन म्हणतो."

महाराजांना त्याला सोडायचं नव्हतं, पण सरळ नाही कसं म्हणणार? त्यांनी मेख मारली. "जा की! फक्त आमचा नगारा ऐकू येईल अशाच ठिकाणी राहायचं."

दरबारी गालात हसले. नगारा फार तर वेशीपर्यंत ऐकू जाई.

सटवाजीने मुजरा केला. "मग ठरलं, महाराज. लेकीकडेच जातो."

"तिथे नगारा ऐकू येतो?" महाराज गरजले.

"भालदार रोज आपल्यासमोर तसंच सांगतात. खोटं असेल तर आत्ता चारचौघांत म्हणा, मी इथेच राहतो."

महाराजांचा हात मिशीवरच थांबला.

"येतो," ते पुटपुटले. "ऐकू येतो."

लेकीच्या घरी पहिल्याच सकाळी ऊन अंगणभर पसरलं, तरी सटवाजी अंथरुणातच. लेक हाका मारून दमली.

"थांब गं," कूस बदलत तो म्हणाला, "नगारा ऐकू आला की उठतो."