मधली झांज

रानात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. माकडांच्या टोळीकडे तीन झांजा होत्या: थोरली, मधली आणि धाकटी. मधली थोरलीवर आपटली की बिबट्या आला असं समजून माकडं दगड उचलत. ती धाकटीवर आपटली की दगड हातात धरूनच पहारा करत.

बिबट्या पळाला की मधली तोऱ्यात म्हणे, “मीच पळवला त्याला!” थोरलीचं नावही घेत नसे.

एकदा बिबट्या निघून गेला, तरी मधली आणि धाकटीचा खणखणाट चार दिवस थांबेना. जागून जागून पिसाळलेली माकडं शेवटी आपल्याच पिल्लांवर दगड फेकू लागली. तेव्हा म्हातारी चंद्री माकडीण जाब विचारायला आली.

“मी काय केलं?” मधली म्हणाली. “वाजली ती धाकटी. मी नुसती जोडीला होते.”

“हो का गं?” चंद्री फिस्सकन हसली. “बिबट्या पळाला तेव्हा तू एकटीच वाजलीस, आणि पिल्लांची डोकी फुटली तेव्हा धाकटी एकटीच वाजली?”

तिनं धाकटीला झाडाच्या ढोलीत कोंबलं. आपण सुटलो, असं मधलीला वाटलं.

“तुलाही कोंबलं असतं,” जाता जाता चंद्री म्हणाली, “पण बिबट्या अजून जिवंत आहे, आणि थोरली एकटी वाजत नाही.”