ठमाकाकूंची पन्नास पावलं

एका छोट्या नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात एक हट्टी बाई होती. हट्टी म्हणजे कशी? सगळं गाव एका बाजूला झालं तरी आपल्या जागेवरून न हलणारी! तिचं नाव ठमाकाकू. त्या पाण्याकाठच्या वाळुंजाच्या लवचीक फांद्यांच्या टोपल्या विणायच्या.

गावात एक जुनी रीत होती. नदीकाठ सगळ्या घरांनी वाटून घेतलेला, प्रत्येक घराला पन्नास पावलं. दोन्ही टोकांना धोंडे पुरलेले. आपला काठ आपण सांभाळायचा, आणि धोंड्याच्या आत दुसऱ्याचा कोयता चालवायचा नाही. ठमाकाकूंचा वाटा नेमका वळणावर होता. तिथे नदीचं पाणी येऊन आदळायचं, आणि तिथेच मागे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती.

काठावर काय नव्हतं? अगदी पाण्यात लव्हाळा, त्याच्या मागे वाळुंज, मग निर्गुडी आणि करंज, आणि सगळ्यांच्या मागे जांभळं, उंबर. या सगळ्यांवरून वेली चढलेल्या. माणूस आत शिरला तर अंगभर ओरखडे घेऊनच बाहेर यायचा.

एकदा गावचे कारभारी शहरात कुणा श्रीमंताची बाग बघून आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं.

"आपला काठ म्हणजे नुसतं गचपण आहे," ते म्हणाले. "मोठी झाडं तेवढी ठेवा. बाकी सगळं साफ करा. काठ कसा अंगणासारखा दिसला पाहिजे!"

लोकांना पटलं. आठ दिवसांत काठ लख्ख झाला. जांभळं रांगेत उभी, खाली स्वच्छ माती. लोक सहकुटुंब जेवणाचे डबे घेऊन तिथे बसू लागले. खोटं कशाला बोला, दिसायला छानच होतं. फक्त वळणावरची पन्नास पावलं तशीच गच्च राहिली.

कारभारी पाच माणसं घेऊन तिथे आले. माणसांच्या हातात कुऱ्हाडी होत्या.

"ठमाकाकू, सगळ्यांनी केलं. तुम्हालाच काय झालं?"

"मला काही झालं नाही. मी नाही करणार."

"अहो, मोठी झाडं ठेवतोच आहोत ना! काठ तीच धरून ठेवतात."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी चाळीस वर्षं इथे फांद्या तोडतेय. लव्हाळ्याचा एक गड्डा उपटायला जावं तर वाळुंजाचं मूळ हाताला येतं, आणि त्याच्यात निर्गुडीचं गुंतलेलं असतं. कुठलं कुणाचं, मला अजून सांगता येत नाही. यातलं एक काढलंत तर बाकीची कशाला धरून राहतील?"

"गवताच्या गोष्टी आम्हाला नका शिकवू!" कारभारी चिडले. "चला रे, घाला कुऱ्हाड."

ठमाकाकू धोंड्यावर चढून उभ्या राहिल्या. हातात कोयता होताच.

"खबरदार! धोंड्याच्या आत दुसऱ्याचं पातं चालत नाही. ही रीत तुमच्याच आजोबांनी घातलीय. मोडायची असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवा."

माणसांनी कुऱ्हाडी खाली केल्या. आजोबांचं नाव निघाल्यावर कारभारीही मागे फिरले. पण जाता जाता ते म्हणालेच, "ठीक आहे. आजपासून या गावात तुमची एक टोपली कुणी घेणार नाही."

आणि खरंच कुणी घेतली नाही. रोज येणाऱ्या शेजारणी तोंड फिरवून जाऊ लागल्या. ठमाकाकूंना त्याचं फार वाईट वाटलं. घरात टोपल्यांची चळत छपराला लागली. मग त्या दोन कोस चालत दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ लागल्या. पाय दुखायचे, पोट अर्धं भरायचं. पण काठावरची एक काडी त्यांनी कुणाला काढू दिली नाही.

पावसाळा आला. एका सकाळी नदी फुगली ती फुगलीच. साफ केलेल्या काठाची माती पाण्याबरोबर निघाली. जांभळांची मुळं उघडी पडली आणि ती मोठमोठी झाडं एकामागून एक आडवी झाली. पडताना प्रत्येक झाड काठाचा मोठा लचका घेऊन गेलं. कारभाऱ्यांचा गोठा वाहून गेला, नशिबानं गुरं आधीच सोडली होती. आता पाणी वळणावर आलं. लोक विहिरीपाशी जमून बघत राहिले.

लव्हाळा पाण्याखाली आडवा झाला. वाळुंज वाकला. निर्गुडीत गाळ अडकला, काटक्या अडकल्या, आणि पाण्याचा जोर तिथेच मोडला. मागची जांभळं जागची हलली नाहीत. विहीर वाचली.

पूर ओसरल्यावर कारभारी ठमाकाकूंच्या दारात आले. मान खाली होती.

"चुकलो, काकू. शंभर जांभळं लावायचं ठरवलंय."

"पुन्हा जांभळंच!" ठमाकाकू कडाडल्या. "आधी लव्हाळा लावा. मग वाळुंजाच्या फांद्या खोचा. जांभळांचं शेवटी बघू. माझ्या काठावरून थोडे थोडे गड्डे काढून देते मी, पण चिखलात तुम्ही उतरायचं."

"उतरतो. पण गड्डे न्यायचे कशातून?"

ठमाकाकूंनी घराचं दार सताड उघडलं. आत छपरापर्यंत टोपल्या होत्या.

"गावानं घेतल्या नाहीत, त्या आहेत की! उचला."

कारभाऱ्यांनी वहाणा काढल्या, डोक्यावर टोपली घेतली आणि ते गुडघाभर चिखलात उतरले. त्यांच्यामागून सगळं गाव उतरलं.

तात्पर्य: गचपण म्हणून तोडायला निघण्याआधी त्याच्या मुळांत एकदा हात घालून बघा. आणि ज्यानं हात घालून बघितलंय, त्यानं गावाच्या रागाला भिऊन जागा सोडू नये.